एकदा वाजलं तर हो

वहिनींना त्या दुकानाचा तिटकारा होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आणि त्यातली निदान तीस वर्षं त्या नवऱ्याला रोज एकदा तरी म्हणायच्या, "विका एकदाचं ते दुकान." कधी रागाने, कधी थट्टेने, बहुतेकदा नुसत्या सवयीने, दार ओढून घेता घेता. नवरा हसायचा आणि जिना उतरून दुकानात जायचा.

नवऱ्याला सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. वयाने मोठी माणसंही वहिनीच म्हणायची. दुकान शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं, तेही जुन्या मशिनींच्या. नवी मशीन कुणीही विकतं. पण जी कंपनीच बंद पडली तिच्या मशीनची नखाएवढी स्प्रिंग हवी असेल, तर दादांशिवाय गत्यंतर नव्हतं. भिंतभर लाकडी खण, चारशे बारा, आणि एकावरही चिठ्ठी नाही. कुठल्या खणात काय आहे आणि ते कुठल्या मशीनला बसतं, हे दादांच्या डोक्यात. कुणी म्हटलं, अहो चिठ्ठ्या तरी लावा, तर ते म्हणायचे, "चिठ्ठ्या लावल्या तर मला कोण विचारील?"

वहिनी स्वतः रक्त तपासायच्या लॅबमध्ये होत्या. सव्वीस वर्षं नोंदणीच्या खिडकीवर. मशीनच्या तेलाच्या वासाने त्यांचं डोकं उठायचं, त्यामुळे दुकानात त्या नाकाला रुमाल लावूनच यायच्या आणि कधी पाच मिनिटांच्या वर थांबल्या नाहीत. त्यांचं जग म्हणजे बाटल्या, लेबलं आणि घाबरलेली माणसं. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो, हे त्या तिथे शिकल्या. म्हणून प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा, आणि दुसऱ्यांदा उलटा. उपाशीपोटी आलात ना? हो. सकाळी चहा घेतलात ना? त्यालाही हो. मग त्या शांतपणे म्हणत, "उद्या या." त्यांचा दुसरा नियम असा, की तिसऱ्यांदा विचारायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं सांगत नाही, तुम्हाला काय हवंय ते सांगतो.

गेल्या वर्षी दादांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावीतही जोर उरला नाही, त्या हाताचं पहिलं बोट तेवढं शाबूत राहिलं. खुर्चीच्या लाकडी हातावर ते एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही, असं वहिनींनी ठरवून दिलं. दादांना त्यातलं किती कळतं, याबद्दल मात्र डॉक्टर हात झटकून मोकळे झाले. "समजतही असेल," ते म्हणाले. "सांगता येत नाही."

दादांच्या धाकट्या भावाला सांगता येत होतं. तो गाडी शिकवायची शाळा चालवतो, आणि शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून त्याचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. "वहिनी, तुम्ही त्याला काहीही विचारा, बोट हलतं. ती सवय आहे नुसती. कालच मी विचारलं, मी कोण, तुझा मामा का? तर म्हणे हो." मात्र हाच धाकटा रोज सकाळी भावाला पाठुंगळीला घेऊन जिना उतरायचा आणि दुकानातल्या खुर्चीत बसवून मग कामाला जायचा. घरात पडून राहिला तर खचेल, म्हणायचा. त्याला दुष्ट ठरवायची सोय नाही, आणि मला ती फार हवी होती.

दुकानाच्या जागेचा करार दोन महिन्यांनी संपत होता. धाकट्याने एक भंगारवाला पाहून ठेवला होता, खणांसकट सगळं वजनावर नेणारा. वहिनी म्हणाल्या, "दुकान त्यांचं आहे. ते सांगतील ते करू." धाकटा म्हणाला, "तो काय सांगणार?" सगळं येऊन अडलं ते इथे. वहिनींना दुकान वाचवायचं होतं असं कुणी म्हणालं तर ते खोटं आहे, निदान तेव्हा तरी. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की माणूस आत आहे की नाही.

मी यात आले ती कामाच्या निमित्ताने. छोट्या धंद्यांना मी डेटाबेस करून देते. दातांचा दवाखाना, रोपवाटिका, भाड्याच्या सायकली. लोक आधी स्वतःच एक लांबलचक यादी करतात, एका रकान्यात सतरा गोष्टी कोंबतात, आणि सगळा विचका झाला की मला बोलावतात. मी तिरसट आहे असं म्हणतात. त्या याद्या पाहिल्या तर कुणीही होईल.

दादांची उत्तरं ताडून बघता यावीत म्हणून वहिनींनीही दुकानाची यादी सुरू केली होती; ती मात्र नीट होती, आणि तरी चालत नव्हती. प्रत्येक भागापुढे "बसतो" असा एक रकाना, आणि त्यात मशिनींची नावं, स्वल्पविराम देऊन. एक स्प्रिंग नऊ मशिनींना बसते, आणि एका मशीनला दोनशे भाग लागतात. दोन्ही बाजूंनी शोधायचं म्हणजे ती यादी बिचारी काय करणार? मी तिचे तीन तक्ते केले. एका तक्त्यात भाग, प्रत्येकाला आपला क्रमांक. दुसऱ्यात मशिनी, त्रेसष्ट, प्रत्येकीचा फोटो. तिसरा तक्ता जुळणीचा. त्यात फक्त एवढंच, की हा भाग, ही मशीन, बसतो की नाही, आणि कुठल्या तारखेला सांगितलं. सगळा जीव त्या तिसऱ्या तक्त्यात असतो. भाग आणि मशिनी तर कुठल्याही दुकानात असतात, पण कशाला काय बसतं हे माहीत असणं म्हणजे दुकानदार.

आणि तो तक्ता दादांना भरायचा होता, एका बोटाने.

पद्धत अशी होती. वहिनी एक खण काढायच्या, त्यातला भाग दादांच्या डोळ्यांपुढे धरायच्या, हळूहळू फिरवायच्या. मी पडद्यावर मशीनचा फोटो आणायची. वहिनी विचारायच्या, "याला बसतं?" बोट वाजायचं, मी नोंदवायची. दोन-तीन आठवड्यांनी तोच भाग पुन्हा, आणि तेव्हा प्रश्न उलटा: "याला बसत नाही ना?" दिवसाला शंभर प्रश्न झाले की दादांचे डोळे मिटायला लागत. मग आम्ही थांबायचो. मला वाटलं होतं, बाई पंधरा दिवसांत कंटाळेल. कंटाळले मी. एका दुपारी दादांचा डोळा लागल्यावर मी म्हटलं, "वहिनी, ही स्प्रिंग आणि मघाची स्प्रिंग, मला काही फरक दिसत नाही."

"डोळ्यांनी नाही दिसायचा," त्या म्हणाल्या. "दाबून बघ. ही लवकर हार मानते."

मी दाबून पाहिली. दोन्ही सारख्याच वाटल्या. पण वहिनींकडे पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की नाकाला लावायचा तो रुमाल गेले कित्येक दिवस त्यांच्या हातात नव्हता.

त्याच आठवड्यात एक शिंपीणबाई आल्या, कागदात गुंडाळलेला मोडका तुकडा घेऊन. मी संगणक चालू करेपर्यंत वहिनींनी स्टुलावर चढून खण काढलासुद्धा. बाईंनी भाग लावून पाहिला, बसला. "दादांचा हात आला तुमच्या हाताला," त्या म्हणाल्या. नंतर तासभर वहिनी कारण नसताना खण पुसत होत्या आणि मधूनच गुणगुणत होत्या. दादा त्या वेळी झोपले होते. हे मी मुद्दाम सांगते आहे.

करार संपायला बारा दिवस असताना दुसरी फेरी पुरी झाली. भागांच्या आणि मशिनींच्या मिळून दोन हजार तीनशे सहा जोड्या, प्रत्येक दोनदा विचारलेली. वहिनींनी धाकट्याला बोलावून घेतलं. "भाऊजी, सवयीने वाजणारं बोट दोन्ही वेळा तेच उत्तर कसं देईल? प्रश्न उलटा आहे. समजत नसेल तर अर्धी उत्तरं तरी फसतील. तुमच्यासमोर बघू."

मी संगणकाला विचारलं, पहिलं आणि दुसरं उत्तर जिथे जुळत नाही त्या जोड्या दाखव. असा प्रश्न विचारायला दोन ओळी लागतात आणि उत्तराला क्षणभर. पडद्यावर आकडा आला, एक्केचाळीस.

दोन हजार तीनशेत एक्केचाळीस म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणणार होते. पण धाकटा आधी बोलला. "एक्केचाळीस वेळा तो आधी बसतं म्हणाला आणि मग बसत नाही. वहिनी, ज्या माणसाला चाळीस वर्षांत एक भाग चुकला नाही, त्याला एक्केचाळीस? बाकीचं नशिबाने जमलं असेल." आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट तो भावाकडे बघायचं टाळत होता. मलाही वाटलं, संपलं. मी मान खाली घातली.

वहिनींनी नाही घातली. लॅबमध्ये चुकीचा रिपोर्ट आला की त्या आधी बाटली बघायच्या, मग माणूस. "कुठले एक्केचाळीस?" त्यांनी विचारलं.

मी यादी मशीनप्रमाणे लावली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस एकाच मशीनचे निघाले. बाजारात तिला ठेंगणी म्हणतात. बुटकी, हिरवी, सगळ्या शिंप्यांच्या आज्यांकडे असायची ती.

"आणि कधीचे?"

मी तारखेचा रकाना पुढे आणला. पहिली उत्तरं सगळी चौदा तारखेच्या आधीची, दुसरी सगळी नंतरची. आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण चौदा तारखेला काय झालं होतं ते या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. ठेंगणीचा फोटो अंधुक होता. मला अंधुक फोटो खपत नाहीत. त्या दिवशी घरी बसून मी दुसरा शोधला, स्वच्छ, धुतल्यासारखा, आणि जुना काढून तो लावला. मशीन तीच, रंग तोच, उंची तीच. कुणाला सांगायचं कारणही वाटलं नाही.

मी जुना फोटो परत काढला आणि दोन्ही शेजारी लावले. आम्ही तिघं वाकून बघत बसलो. फरक शोधायला आम्हाला पाच मिनिटं लागली असती. दादांना लागली नाहीत. त्यांचं बोट खुर्चीवरून उठलं, पुढे आलं, आणि वहिनींनी पडदा जवळ नेला तेव्हा जुन्या फोटोतल्या मशीनच्या बाजूच्या झाकणावर टेकलं. ते झाकण गोल होतं. मग बोट नव्या फोटोकडे सरकलं. तिथे झाकण चौकोनी होतं.

कंपनीने मध्येच कधीतरी आतला सगळा सांगाडा बदलला होता आणि बाहेरून फक्त झाकण. मी दोन मशिनींना एका ओळीत बसवलं होतं. दादांनी दोन्ही वेळा बरोबर उत्तर दिलं होतं, समोर जे होतं त्याचं. आम्ही नावावर चाललो होतो आणि ते फोटो बघत होते. माझ्या एका टापटिपीपायी एका शहाण्या माणसाला खुळा ठरवायची वेळ आली होती. मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच पाणी प्यायला गेले.

परत आले तेव्हा धाकटा भावाच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला होता. "मग मामा का म्हणालास?" तो विचारत होता. दादांचा चेहरा अर्धाच हलतो, पण त्या अर्ध्यात हसू होतं. म्हणजे ती थट्टा होती. एका बोटाने केलेली थट्टा इतके दिवस कुणाला कळली नव्हती.

धाकट्याने डोळे पुसले आणि उठता उठता म्हणाला, "मग वहिनी, आता त्यालाच विचारा ना. दुकानाचं."

वहिनींनी हा प्रश्न इतके दिवस राखून ठेवला होता. उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही तोवर विचारायचं नाही, असं त्यांचं होतं. आता ठेवता येत होता. त्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या, पदराला हात पुसले. "अहो, दुकान विकायचं?"

बोट एकदा वाजलं. विचार न करता, लगेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उलटं विचारलं. "दुकान ठेवायचं ना?" दोनदा वाजलं.

"बघा," धाकटा म्हणाला, "सगळं कळतं त्याला."

"परवापर्यंत कळत नव्हतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. बस्स, तेवढंच. मग त्यांनी भंगारवाल्याला शुक्रवारी यायचा निरोप द्यायला सांगितलं आणि स्टुलावर चढून खण पुसायला घेतले.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्हाला हे दुकान आवडायला लागलंय, मला दिसत नाही का? पुन्हा विचारा.

"दोनदा विचारलं."

"वेगळ्या शब्दांत विचारा."

"प्रश्न वेगळा नसतो गं, उत्तर वेगळं हवं असतं." त्या खाली उतरल्या. "रिपोर्ट मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा रक्त घ्या म्हणणारे मी सव्वीस वर्षं पाहिले. मी त्यांच्यात जायची नाही. ते आत आहेत हे मला सिद्ध करायचं होतं. झालं. आता त्यांचं ऐकायचं नाही, तर मग कशासाठी केलं सगळं?"

मी हात टेकले आणि आपल्या कामाला लागले. दुकान भंगारात जाणार होतं, तरी तक्ता चुकीचा ठेवून मला झोप आली नसती. ठेंगणीच्या मी दोन ओळी केल्या, गोल झाकणाची आणि चौकोनी झाकणाची. मग जुळणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवला, की उत्तर दिलं तेव्हा समोर कुठला फोटो होता. काम करताना पुटपुटायची मला खोड आहे. "जुन्या फोटोवर दिलेलं उत्तर नव्या फोटोला लागू नाही," मी पुटपुटले. "फोटो बदलला की प्रश्न नवा. पुन्हा पहिल्यापासून."

फडक्याचा आवाज थांबला.

"काय म्हणालीस?"

मी पुन्हा सांगितलं. वहिनींनी हातातला खण खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तीस वर्षं मी त्यांना रोज काय म्हणत आले?"

मला ठाऊक होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"त्यांच्या डोळ्यांपुढे अजून तीच बाई उभी आहे," वहिनी म्हणाल्या. "नाकाला रुमाल लावलेली. त्यांनी तिला हो म्हटलं. जन्मात एकदा बायकोचं ऐकलं, आणि तेही आत्ता."

त्या हसल्या, आणि हसता हसताच त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. ते त्यांनी तेलकट फडक्यानेच पुसलं. त्या खण घेऊन दादांच्या पुढ्यात जाऊन बसल्या. मी बाहेर जायला उठले तर म्हणाल्या, "बस. नोंदवायला कुणीतरी हवं."

खणात स्प्रिंगा होत्या, दोन जातींच्या, एकमेकींत मिसळलेल्या. वहिनींनी डोळे मिटले आणि एकेक स्प्रिंग चिमटीत दाबून दोन ढीग केले. एकदाही थांबल्या नाहीत, एकही फिरवून पाहिली नाही. दादा बघत होते. त्यांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. वहिनी खण काढत तेव्हा त्यांच्या पुढ्यात भाग असायचा आणि पडदा असायचा. गिऱ्हाइकं यायची दुपारी, आणि दुपारी ते झोपलेले.

ढीग पुरे झाले तशा वहिनींनी डोळे उघडले. "मी रोज म्हणायचे, विका. ते जुनं झालं. तेव्हा मला काही येत नव्हतं आणि वास सोसत नव्हता. आता येतं. मला हे दुकान चालवायचंय. तुमच्यासाठी नव्हे, मला हवंय." त्या थांबल्या. आवाज लॅबच्या खिडकीवरचा झाला, सपाट, कुणाच्याही बाजूचा नसलेला. "आता पहिल्यापासून विचारते. अहो, दुकान विकायचं?"

बोट उठलं आणि वरच राहिलं. दादा त्या दोन ढिगांकडे बघत होते, मग वहिनींच्या हाताकडे, तेलाने काळ्या झालेल्या नखांकडे. मी मनातल्या मनात मोजत होते, म्हणून सांगू शकते, की अकरापर्यंत मोजून झालं होतं.

बोट वाजलं. मग पुन्हा वाजलं.

"उद्या उलटं विचारीन," वहिनी म्हणाल्या आणि खण घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने दादांना खुर्चीत बसवलं, तेव्हा वहिनी आधीच खाली होत्या. "अहो," त्यांनी सुरुवात केली, "दुकान..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोट एकदा वाजलं. नियमाप्रमाणे ते धरता येत नव्हतं, म्हणून वहिनींनी वाक्य पुरं केलं. "...ठेवायचं ना?" दादांनी डोळे वर फिरवले, हिच्यापुढे काय करावं अशा अर्थाने, आणि पुन्हा एकदा बोट वाजवलं.

मी तारीख टाकली आणि नोंदवलं.